उपचार संपल्यावर अभ्यास कसा टिकवावा?

खोकला थांबला की खोकल्याची बाटली कपाटात मागे जाते. ही आपली सर्वांची रीत आहे आणि खोकल्याच्या बाबतीत ती चालूनही जाते. परंतु मनाच्या आजारात, विशेषतः ज्याला नैराश्य म्हणतात त्या आजारात, हीच रीत महागात पडते. हे आम्ही केवळ वाचून सांगत नाही. तीन वेळा त्या वाटेने जाऊन आल्यावर सांगत आहोत.

संस्थेच्या एका मासिक बैठकीनंतर दोन सभासदांनी आणि वसतिगृहातील एका विद्यार्थ्याने आम्हांला वेगवेगळे बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारला. समुपदेशकाकडे आठ आठवडे गेलो, श्वासावर लक्ष ठेवायला शिकलो, बरेही वाटले. पण आता तिकडे जाणे संपले आणि घरी बसणेही सुटले, आता काय करावे? तिघांनीही हे हलक्या आवाजात विचारले, जणू एखादी चूक कबूल करीत आहेत. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेख मागितला तेव्हा या प्रश्नाचे उत्तर सर्वांना ऐकू जाईल असे द्यावे, असे आम्ही ठरवले. आम्ही डॉक्टर नाही, भिक्खूही नाही. बँकेच्या खिडकीमागे बसणारे कला शाखेचे साधे पदवीधर आहोत. म्हणून जेथे शास्त्र आहे तेथे शास्त्र सांगू आणि जेथे केवळ आमचा अनुभव आहे तेथे तो अनुभव म्हणूनच सांगू.

सति म्हणजे आठवण

आज दवाखान्यांत 'माइंडफुलनेस' या नावाने जे शिकवले जाते, त्याचे मूळ आपल्या सभासदांना अपरिचित नाही. मज्झिम निकायातील सतिपट्ठान सुत्त आणि दीघ निकायातील महासतिपट्ठान सुत्त यांत तथागतांनी कुरू देशातील कम्मासधम्म येथे भिक्खूंना केलेला उपदेश आलेला आहे. काया, वेदना, चित्त आणि धम्म ही लक्ष ठेवण्याची चार क्षेत्रे त्यात सांगितली आहेत. पाली ग्रंथांचे अभ्यासक टी. डब्ल्यू. ऱ्हिस डेव्हिड्स यांनी इ. स. १८८१ मध्ये भाषांतर करताना 'सति' या शब्दासाठी 'माइंडफुलनेस' हा इंग्रजी शब्द योजला आणि तोच पुढे रूढ झाला. मराठीत आपण त्याला सजगता म्हणतो.

पण सति या शब्दाचा मूळ अर्थ आहे स्मृती, म्हणजे आठवण. हा अर्थ आमच्या प्रश्नासाठी फार उपयोगाचा आहे. श्वासावर लक्ष ठेवून बसलेला माणूस थोड्याच वेळात श्वास विसरतो. विजेचे बिल आठवते, मुलीची परीक्षा आठवते, साहेब काय बोलले ते आठवते. मग केव्हातरी लक्षात येते की आपण बसलो होतो श्वासासाठी. तो लक्षात येण्याचा क्षण म्हणजे सति. मन भटकले म्हणून अभ्यास फसला असे नव्हे. भटकल्याचे लक्षात येऊन, स्वतःवर न चिडता परत येणे, हाच अभ्यास आहे.

आता हीच गोष्ट मोठ्या मापाने पाहावी. दहा मिनिटांच्या बैठकीत जसे मन भटकते, तसे वर्षाच्या हिशेबात आपले बसणेच भटकते. आठ दिवस, कधी दोन महिने बसणे होत नाही. तेथेही करायचे तेच : लक्षात येणे आणि परत येणे. या संपूर्ण लेखात आम्हांला सांगायचे आहे ते एवढेच. बाकी सारे त्याचे स्पष्टीकरण आहे.

दवाखान्यातील सजगता

इ. स. १९७९ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जॉन कबात-झिन यांनी दीर्घकाळ वेदना सोसणाऱ्या रुग्णांसाठी एक वर्ग सुरू केला. औषधोपचारांनी ज्यांचे दुखणे पूर्ण जात नव्हते, अशांना त्या दुखण्यासह जगायला शिकवणे हा त्याचा हेतू होता. पुढे झिंडेल सेगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीसडेल या तीन मानसशास्त्रज्ञांनी याच धर्तीवर, परत परत नैराश्य येणाऱ्यांसाठी एक उपचार तयार केला. सजगता आणि बोधात्मक उपचार यांचा त्यात मेळ आहे. त्याचे पुस्तक २००२ साली प्रसिद्ध झाले, आणि ज्यांना तीन किंवा अधिक वेळा नैराश्य आले आहे त्यांच्यासाठी ब्रिटनच्या आरोग्यविषयक मार्गदर्शक संस्थेने २००४ साली त्याची शिफारस केली.

या उपचारामागचा विचार समजून घेतला तर तो नंतरही का चालू ठेवायचा हे कळते. ज्याला एकदा नैराश्य येऊन गेले आहे, त्याच्या मनात उदासपणा आणि स्वतःला कमी लेखणारे विचार यांची गाठ बसलेली असते. साधे उदाहरण घेऊ. एखादा ग्राहक खिडकीवर चिडून निघून गेला. निरोगी माणूस चहा पिऊन ते विसरतो. आमच्यासारख्याच्या मनात मात्र मालिका सुरू होते : आपले चुकले, आपले नेहमीच चुकते, आपल्याला काहीच जमत नाही, घरच्यांनाही आपला भारच आहे. एका चिडलेल्या ग्राहकापासून आपण येथवर केव्हा आलो हे कळतही नाही. सजगतेच्या अभ्यासाने ही मालिका दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर ओळखू येते. 'आपल्याला काहीच जमत नाही' ही वस्तुस्थिती नसून तो मनात आलेला एक विचार आहे, हे दिसते. विचार येणे थांबत नाही, परंतु त्याच्या मागे फरपटत जाणे कमी होते.

इ. स. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या मोठ्या प्रयोगात १४५ रुग्ण होते. त्यांपैकी ज्यांना पूर्वी तीन किंवा अधिक वेळा नैराश्य आले होते, त्यांच्यातील नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांपैकी ६६ टक्क्यांना पुढील ६० आठवड्यांत आजार उलटला. हा वर्ग केलेल्यांत ते प्रमाण ३७ टक्के होते. म्हणजे धोका बराच कमी झाला, संपला मात्र नाही. २०१५ साली ब्रिटनमध्ये ४२४ रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात एका गटाने औषधे चालू ठेवली. दुसऱ्या गटाने हा वर्ग केला आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधे कमी करीत नेली. दोन वर्षांत आजार उलटण्याचे प्रमाण अनुक्रमे ४७ आणि ४४ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच निघाले. या प्रयोगात आठ आठवड्यांनंतरच्या वर्षात उजळणीची चार सत्रेही ठेवलेली होती. आठ आठवड्यांत सारे पुरे होते असे खुद्द शास्त्रज्ञांनीही मानलेले नाही, हे आपण ध्यानात घ्यावे.

अभ्यास का सुटतो?

आता थोडे आमच्याविषयी. पहिल्यांदा आम्ही खचलो ते २०१६ च्या अखेरीस. ८ नोव्हेंबरला नोटाबंदी जाहीर झाली आणि त्यानंतरचे दोन महिने बँकेतील कोणीच विसरू शकणार नाही. त्याच दिवसांत आमच्या आई गेल्या. रजा मिळाली ती मोजकी. दुसरी वेळ २०२० च्या टाळेबंदीनंतरची आणि तिसरी २०२२ च्या उन्हाळ्यातील. तिसऱ्या वेळी मानसोपचारतज्ज्ञांनी औषधे दिली, आणि थोडे सावरल्यावर एका समुपदेशक बाईंकडे आठ आठवड्यांच्या वर्गाला पाठवले. आठवा वर्ग झाला त्या दिवशी आम्ही परीक्षा पास झाल्यासारखे पेढे घेऊन घरी आलो. बाईंनी निरोप देताना सांगितले होते की आजचा शेवटचा वर्ग म्हणजे खऱ्या वर्गाचा पहिला दिवस समजा. आम्ही मान डोलावली.

पहिला महिना रोज अर्धा तास बसणे झाले. दुसऱ्या महिन्यात आठवड्यातून तीनदा. नंतर मुलीची दहावी, बँकेतील वर्षअखेर, गावी एक लग्न. चौथ्या महिन्यात आम्ही बसत नाही हेही आमच्या लक्षात येईनासे झाले.

हे लक्षात आणून दिले एका पेन्शनर आजींनी. नोव्हेंबर महिन्यात पेन्शनधारकांना हयातीचा दाखला द्यावा लागतो, हे सर्वांना ठाऊक आहे. या आजींच्या अंगठ्याच्या रेषा झिजल्या होत्या. यंत्र ठसा घेत नव्हते. त्या तिसऱ्यांदा आल्या तेव्हा आम्ही भर बँकेत त्यांच्यावर ओरडलो. त्या म्हणाल्या, "साहेब, जिती आहे म्हणून तर आले ना?" आणि बाकावर जाऊन बसल्या. आमचे हात थरथरत होते. गेले तीन आठवडे पहाटे साडेतीनला जाग येत होती, जेवण बेचव लागत होते, रविवारी विहारात जाणे टळत होते, आणि हे सारे आम्ही कामाच्या ताणावर ढकलले होते. आजार दाराशी येऊन उभा होता. त्या दिवशी आम्ही आजींची माफी मागितली, डोळ्यांच्या बुबुळांवरून दाखला करून दिला, आणि संध्याकाळी डॉक्टरांना फोन केला. वेळेवर केला म्हणून चौथी वेळ आली नाही.

पुढे आमच्यासारख्या इतरांशी बोलताना दिसले की अभ्यास सुटण्याची कारणे बहुधा तीनच असतात. पहिले कारण, बरे वाटणे. दुखत असताना माणूस बसतो. दुखणे थांबले की कशासाठी बसायचे हे कळत नाही. दुसरे कारण, मोठे माप. वर्गात अर्धा-पाऊण तास बसलो होतो, म्हणून घरीही तेवढेच हवे असा हट्ट धरायचा. तेवढा वेळ मिळत नाही, म्हणून काहीच करायचे नाही. तिसरे कारण सर्वांत वाईट, ते म्हणजे अपराधीपणा. आठ दिवस चुकले की नवव्या दिवशी बसायला लाज वाटते. ज्या अभ्यासाने स्वतःला दोष देण्याची सवय सुटायची, त्याच्याच नावाने आपण स्वतःला दोष देऊ लागतो.

किती बसावे?

हा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात. २०१७ साली अशा वर्गांविषयीच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात दिसले की सांगितलेल्या गृहपाठापैकी सरासरी ६४ टक्केच लोक करतात, म्हणजे दिवसाला साधारण अर्धा तास. वर्ग चालू असतानाही सगळे सगळा गृहपाठ करीत नाहीत, ही बाब अनेकांना दिलासा देईल. जास्त अभ्यास आणि जास्त फायदा यांचा संबंध त्यात दिसला, पण तो लहानच होता.

२०१४ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील दुसऱ्या एका अभ्यासात, उपचाराच्या काळात आठवड्यातून किमान तीन दिवस घरी रीतसर बसणाऱ्यांचा आजार उलटण्याचा धोका त्याहून कमी बसणाऱ्यांच्या तुलनेत जवळपास निम्मा आढळला. भांडी घासताना, चालताना सजग राहण्याचा तसा संबंध मात्र त्या अभ्यासात दिसला नाही. चालता-बोलता सजग राहणे चांगलेच आहे, परंतु 'मी दिवसभर सजगच असतो, वेगळे बसायला नको' असे म्हणून बसणे सोडू नये, एवढा बोध आम्ही त्यातून घेतला. हे आकडे उपचाराच्या काळातील आहेत. तरीही नंतरच्या काळासाठी आठवड्यातून तीन दिवस ही खालची मर्यादा आम्ही स्वतःपुरती धरली आहे.

सवय लागायला किती दिवस लागतात, याविषयी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. रोज ठरावीक वेळी एक छोटी गोष्ट करायची, असा तो प्रयोग होता. ती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असे आढळले. कोणाला १८ दिवस पुरे, तर कोणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचे तर ही आवर्ती ठेव आहे. एक हप्ता चुकला म्हणून कोणी खाते बंद करायला धावत नाही. पुढचा हप्ता भरतो.

जास्त बसण्याचाही हट्ट नसावा. चंपा नगरीच्या सोण भिक्खूंची कथा आपण विहारात ऐकली आहे. चालून चालून त्यांच्या पायांतून रक्त आले, तरी मन स्थिर होईना. पूर्वी ते वीणा वाजवीत असत. तार फार ताणली किंवा फार सैल सोडली तर वीणा वाजते का, असे तथागतांनी त्यांना विचारले. आठ दिवस दोन-दोन तास बसून नवव्या दिवशी सोडून देणाऱ्याने ही कथा पुन्हा ऐकावी.

टिकवण्याचे काही उपाय

आम्हांला जे उपयोगी पडले ते क्रमाने देत आहोत.

१) बसणे एखाद्या जुन्या कामाला जोडावे. आमच्या वस्तीत पहाटे साडेपाचला नळाला पाणी येते. आधी आम्ही पाणी येण्यापूर्वी बसत होतो, तेव्हा सारे लक्ष नळाकडे असे. आता पाणी भरून झाले की बसतो. घड्याळ पाहावे लागत नाही, आठवण ठेवावी लागत नाही. शेवटची बादली हीच घंटा.

२) जागा लहान चालेल, पण ठरलेली असावी. एका खोलीत पाच माणसे राहतात अशी आपल्यातील अनेक घरे आहेत. वेगळी खोली, आसन, शांतता यांची वाट पाहू नये. खुर्चीवर, पलंगाच्या काठावर, गच्चीच्या पायरीवर बसता येते. घरच्यांना एकदा सांगून ठेवावे की ही दहा मिनिटे हाक मारू नका. शेजारचा रेडिओ चालूच राहील. आवाज ऐकू येतो आहे एवढे जाणून परत श्वासाकडे यावे.

३) माप लहान ठेवावे. आम्ही रोजचे दहा मिनिटे ठरवले आहेत. ज्या दिवशी दहाही जमत नाहीत, त्या दिवशी तीन मिनिटे. या उपचारात तीन मिनिटांचा एक छोटा अभ्यास मुद्दाम शिकवतात. पहिल्या मिनिटात मनात, शरीरात आत्ता काय चालले आहे ते फक्त पाहायचे. दुसऱ्या मिनिटात सारे लक्ष श्वासावर आणायचे. तिसऱ्या मिनिटात ते पसरून सर्व शरीराची जाणीव घ्यायची, बसल्याची, खांद्यांची, चेहऱ्याची. मग कामाला लागायचे. खिडकीवर गर्दी होण्यापूर्वी, रोकड मोजायला घेण्याआधी हे करता येते. विद्यार्थ्यांनी परीक्षेच्या वर्गात प्रश्नपत्रिका हाती पडण्यापूर्वी करून पाहावे.

४) कारण लिहून ठेवावे. आठव्या वर्गात बाईंनी एका कार्डावर 'मी हे कशासाठी करतो' ते लिहायला सांगितले होते. आम्ही लिहिले होते, 'मन शांत राहावे म्हणून'. असले कारण कोणालाही उठवून बसवत नाही. आजींच्या प्रसंगानंतर आम्ही ते खोडून लिहिले, 'खिडकीवर येणाऱ्या माणसाशी नीट बोलता यावे म्हणून'. हे कार्ड आजही आमच्या ड्रॉवरमध्ये आहे. कारण जेवढे जवळचे, तेवढे ते कामाला येते.

५) सोबत असावी. दिवंगत सत्यनारायण गोयंका १९६९ मध्ये ब्रह्मदेशातून भारतात आले आणि इगतपुरीच्या धम्मगिरीसह अनेक केंद्रांतून विपश्यनेचा प्रसार झाला. त्या परंपरेतही दहा दिवसांचे शिबिर केल्यावर रोज सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसावे आणि आठवड्यातून एकदा इतरांसोबत बसावे, असे सांगतात. आपल्या धम्मात पौर्णिमा, अमावास्या आणि अष्टमी हे उपोसथाचे दिवस व वर्षावासाचे तीन महिने कशासाठी आहेत, याचा विचार केला तर हेच दिसते. एकट्या माणसाचा निश्चय ढिला पडतो, हे आपल्या पूर्वसूरींना ठाऊक होते. विहारातील रविवारच्या वंदनेनंतर आम्ही पाच-सहा जण वीस मिनिटे एकत्र बसतो. जो येत नाही त्याला कोणी जाब विचारत नाही. फक्त दोन रविवार चुकले तर एक फोन जातो : "दादा, बरे आहात ना? ताई, बऱ्या आहात ना?"

६) धोक्याच्या खुणांची यादी करावी. प्रत्येकाच्या खुणा वेगळ्या असतात. आमच्या तीन : पहाटेची जाग, चिडचिड, माणसांना टाळणे. ही यादी आम्ही पत्नीला व एका मित्राला दिली आहे. कारण आजार येताना रुग्णालाच सर्वांत शेवटी कळते. यादीच्या खाली, खुणा दिसल्यास काय करायचे तेही लिहिले आहे : रोज तीन मिनिटांचा अभ्यास तीनदा, रात्री मोबाइल बंद, एका माणसाशी बोलणे, आणि आठवड्यात फरक न पडल्यास डॉक्टर.

काही इशारे

सजगता हा औषधांना पर्याय म्हणून आपल्या मनाने वापरू नये. वर सांगितलेल्या २०१५ च्या प्रयोगात औषधे कमी झाली, ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. अचानक गोळ्या बंद करणे धोक्याचे असते. तसेच, आजार ऐन भरात असताना डोळे मिटून दीर्घकाळ बसणे सर्वांना मानवत नाही. काहींना जुने आघात उसळून वर आल्यासारखे वाटते. अशा वेळी डोळे उघडे ठेवावेत, पायांखालची जमीन जाणवून घ्यावी, थोडे चालावे, आणि बसण्याचा आग्रह सोडून समुपदेशकांना विचारावे. गंभीर मानसिक आजार असणाऱ्यांनी दहा दिवसांच्या शिबिराला जाऊ नये, असे विपश्यना केंद्रेही स्वतः सांगतात. शिबिर म्हणजे इस्पितळ नव्हे.

जगणे नकोसे वाटते असे विचार येत असतील, तर बसत राहू नये. त्याच क्षणी कोणाला तरी सांगावे. भारत सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेली 'टेलिमानस' ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य मिळते आणि तेथे मराठीत बोलता येते. हा क्रमांक विद्यार्थ्यांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा, स्वतःसाठी नसला तरी शेजारच्या खाटेवरील मित्रासाठी.

एक रास्त आक्षेप

आमच्या बैठकीत एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी सरळ विचारले, "डोळे मिटून बसल्याने अन्याय मिटतो का? बाबासाहेबांनी आपल्याला संघर्ष करायला शिकवले की श्वास मोजायला?" हा प्रश्न टाळू नये. डोळे मिटल्याने अन्याय मिटत नाही. ज्या विद्यार्थ्याला वसतिगृहात जातीवरून टोमणे ऐकावे लागतात, त्याला 'तू श्वास पाहा' एवढेच सांगणे म्हणजे त्याच्यावर दुसरा अन्याय होय. तेथे तक्रार हवी, संघटना हवी, कायदा हवा. परंतु ज्याची तीन आठवडे झोप उडाली आहे, त्याच्या हातून तक्रारीचा अर्जही नीट लिहिला जात नाही, हे आम्ही स्वतः अनुभवले आहे. त्या पोराला अर्ज लिहायला बसवण्याआधी झोप मिळवून द्यावी लागते. सजगता त्याच्या कामी येते. जे सोसावे लागू नये ते निमूटपणे सोसण्यासाठी तिचा उपयोग करू नये आणि कोणी करू लागल्यास त्याला अडवावे.

शेवटी

त्या पेन्शनर आजी पुढच्या नोव्हेंबरात पुन्हा आल्या. या वेळी यंत्राने ठसा पहिल्याच फटक्यात घेतला. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "बघा साहेब, यंदा पण आहे." वर्षातून एकदा त्यांना आपण आहोत हे सांगायला यावे लागते. आपण रोज पाणी भरून झाल्यावर दहा मिनिटे बसतो, तेही तेवढ्यासाठीच : आज श्वास आहे, आज मन असे आहे, आज आपण येथे आहोत.

हा लेख लिहीत असतानाच्या दोन आठवड्यांत आमचे स्वतःचे बसणे चार वेळा चुकले. पाचव्या वेळी बसलो. ज्यांचे कित्येक महिने चुकले आहेत, त्यांनी मागचा हिशेब जुळवत बसू नये. ही स्मरणिका मिटून बाजूला ठेवावी आणि तीन मिनिटे बसावे.

सर्वांचे मंगल होवो. जय भीम!